पायगुण

घरात नवी सून यावी आणि त्याच आठवड्यात दुभती म्हैस आटावी, की वडीलधाऱ्यांना कारण शोधण्याचे कष्ट उरत नाहीत. ‘पायगुण’ एवढा एक शब्द उच्चारला की चौकशी संपते. म्हैस महिनाभर आधीपासूनच वैरण टाकीत होती, याचे स्मरण कोणालाही राहत नाही. हा न्याय केवळ सुनांच्याच वाट्याला येतो असे नाही. हिशेबाला पक्क्या अशा संगणकाच्या जगातही तो चालताना आम्ही पाहिला, आणि त्या निमित्ताने आमच्या घरचे एक जुने दुखणेही उघड झाले.

आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून इंदुरास आले. मूळ गावाशी नाते टिकले ते पत्रांनी. ती पत्रे, मुंजी-लग्नांचे फोटो आणि आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या यांच्या प्रती आज घरातील एका संगणकावर आहेत. आमच्या पुतण्याने त्यासाठी ‘झेडएफएस’ ही फाइलसिस्टिम निवडली. फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कची खतावणी. कोणती फाइल कोठे ठेवली आहे, याची नोंद तिच्यात असते. झेडएफएसचा लौकिक असा, की मजकुराच्या प्रत्येक तुकड्याबरोबर ती पडताळणीचा एक आकडा लिहून ठेवते. पुढे मजकूर बिघडला तर आकडा जुळत नाही आणि चोरी पकडली जाते.

या फाइलसिस्टिमची २.२.० ही आवृत्ती १३ ऑक्टोबर २०२३ रोजी आली. तिच्यात ‘ब्लॉक क्लोनिंग’ ही नवी सोय होती. फाइलची नक्कल करताना सगळा मजकूर पुन्हा लिहायचा नाही, असलेल्या मजकुराकडेच दुसऱ्या नावाने बोट दाखवायचे. वेळ वाचतो आणि जागाही वाचते. महिनाभरातच जेंटू लिनक्स वापरणाऱ्यांकडून तक्रार आली, की नक्कल केलेल्या काही फाइलींत मजकुराच्या जागी नुसती शून्ये भरलेली आहेत. नाव बरोबर, आकार बरोबर, आत मात्र काही नाही! साहजिकच सर्वांची बोटे नव्या सोयीकडे वळली. २१ नोव्हेंबरच्या २.२.१ या आवृत्तीत ती मुळापासून बंदच ठेवण्यात आली.

पण शोध घेणारी मंडळी पायगुणावर थांबली नाहीत. त्यांनी असंख्य फाइली लिहून लगोलग त्यांच्या नकला करणारा आणि मूळ व नक्कल ताडून पाहणारा एक छोटा प्रोग्रॅम चालविला. नवी सोय बंद असतानाही शून्ये आली. ज्या जुन्या आवृत्त्यांत ती सोय नव्हतीच, तेथेही आली. तेव्हा खरा दोष सापडला, आणि तो कित्येक वर्षांचा जुना निघाला. ज्या भागात काहीच लिहिलेले नाही, त्याला फाइलीतील ‘पोकळी’ म्हणतात. नक्कल करणारा प्रोग्रॅम आधी विचारतो, मजकूर कोठे आहे आणि पोकळी कोठे? फाइल नुकतीच लिहिली जात असून अजून डिस्कवर उतरली नसेल, तर क्षणाच्या एका बारीक फटीत फाइलसिस्टिम चुकीचे उत्तर देई, ‘येथे पोकळी आहे.’ प्रोग्रॅम ते खरे मानून शून्ये लिही. २०२१ पासून लिनक्सवरील नकलेचा नेहमीचा प्रोग्रॅम हा प्रश्न अधिक वेळा विचारू लागला होता, म्हणून दडलेला दोष वर आला. ३० नोव्हेंबरला २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला.

यातील एक गोष्ट आम्हांस फार अस्वस्थ करून गेली. पडताळणीचे आकडे या चोरीपुढे आंधळे होते. शून्ये रीतसर लिहिली गेली, त्यांचा आकडाही रीतसर जुळला. ‘एकही चूक नाही’ हा यंत्राचा दाखला आमच्याही संगणकाने दिला. पण आता त्यावर विसंबणार कोण? मग घरातील सर्वांनी मिळून रोज रात्री जेवणानंतर एकेक फाइल उघडून पाहण्याचे ठरविले. शून्ये कोठेच आढळली नाहीत. मात्र अकराव्या रात्री आजीचे एक पत्र समोर आले, ते अर्धेच. खालचा भाग सबंध करडा.

नव्या आवृत्तीवर आळ घेण्यास सगळे एका पायावर तयार होते. पुतण्याने मात्र फाइलची तारीख पाहिली. ती २०१७ ची होती. जुन्या पेटीतून स्कॅन करून देणाऱ्या दुकानाची सीडी काढली. तीवरही पत्र तेवढेच, तेथेच तुटलेले. म्हणजे सहा वर्षे ते अर्धे पत्र आम्ही पूर्ण समजून सांभाळीत होतो. मूळ कागद पाहावा, तर त्या ट्रंकेला २०१९ च्या पावसाळ्यात वाळवी लागली होती.

माहेराहून, साताऱ्याहून, आजीने आजोबांना लिहिलेले ते पत्र ‘धाकट्याचा ताप आता’ या शब्दांशी थांबते. तो धाकटा वाचला नाही, एवढे घरात सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी ताप उतरला होता की चढला होता, आजीने ते कोणत्या शब्दांत कळविले होते, हे सांगणारे आज कोणी राहिलेले नाही.

नव्या सोयीवर आळ घेऊन आम्ही स्वस्थ बसलो असतो, तर सीडी पेटीतून निघालीच नसती. आज आमच्याकडे कोणतीही प्रत तयार झाली की घरातील कोणीतरी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि मगच मूळ कागद ट्रंकेत परत जातो. बेळगावच्या आत्याकडे आजीच्या पत्रांचा आणखी एक गठ्ठा आहे. या मे महिन्यात तो आणावयाचा आहे, पावसाळ्यापूर्वी.