आईच्या निशिगंधाचं बेट

देवरूख,
पाडव्याचा दुसरा दिवस

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. निशिगंधाला पात भरपूर आहे पण दोन वर्षांत धड छडी नाही, शेणखत झालं, युरियाही झाला, आणि आईने लावलेलं बेट खणायला हात धजत नाही, असं लिहिलंयस. ती शेवटची ओळ वाचून पत्र थोडा वेळ तसंच मांडीवर ठेवलं.

आधी युरिया बंद कर. त्याने पातच माजते. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच छडी देतो. मग तो मागे पडतो आणि भोवतीची पिलं वाढू लागतात. तीन वर्षांत ती एकमेकांना इतकी खेटतात की एकालाही फुलण्याएवढं अंग धरता येत नाही. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ताईने लावलेले मूळ कंद त्यात आता नसतीलच. आहेत ती त्यांची पिलं, आणि बियांपासून न येता कंदाला कंद फुटून झालेली, म्हणून अगदी तेच झाड. तू ते मोडलंस तर ताईचं काही मोडणार नाही. ती स्वतः दर तीन वर्षांनी बेट मोडायची. तुमच्या अंगणातलं बेट माझ्या परसातून गेलं, आणि माझं आमच्या आईच्या परसातून.

आता पाणी तोड. आठ-दहा दिवसांत पात पिवळी पडू लागेल, तेव्हा खण. मी पहिल्यांदा बेट काढलं तेव्हा कुदळ थेट मधोमध घातली. कितीतरी कंद चिरले, ते तसेच लावले, आणि मृगाच्या पावसात कुजून गेले. त्यांच्याबरोबरचे चांगलेही गेले. ताईने मग करून दाखवलं: बेटापासून वीतभर लांब चारी बाजूंनी माती सैल करायची, पहारेने खालून उचलायचं, माती झाडून कंद हातानेच सुटे करायचे. सुपारीएवढे आणि त्याहून मोठे कंद वेगळे काढ, ते यंदाच फुलतील. बारके दुसऱ्या वाफ्यात लाव, त्यांना एखादं वर्ष दे. मऊ लागलेला कंद ठेवू नकोस. बाकीचे सावलीत, वारा लागेल असे दोन-तीन आठवडे पसर. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लाव, वीतभर अंतरावर, चार बोटं खोल, पाणी साचणार नाही अशा जागी. गणपतीच्या सुमारास छड्या येतील.

न्हाणीच्या पाण्यावरचा सोनटक्काही दाटलाय म्हणतेस. त्याची तऱ्हा वेगळी. तो आल्याच्या कुळातला, हाताने सुटत नाही, सुरीने कापावा लागतो. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत. कापलेल्या जागी राख लाव, एक दिवस सावलीत सुकू दे, मग ओलसर जागी उथळ लाव. त्याला पाऊस मानवतो, म्हणून पहिल्या सरी पडल्यावर केलंस तरी चालेल. एक मात्र पाळ. उरलेले तुकडे ओढ्यात टाकू नकोस. हिमालयाच्या बाजूचं हे झाड क्यूबाचं राष्ट्रीय फूल झालं, तसंच हवाईच्या ओल्या रानात तण होऊन पसरलं. पाण्याकाठी पडलेला तुकडा पुन्हा रुजतो.

आणि तुळशीकडच्या मे फुलाला आत्ता मुळीच हात लावू नकोस. महिन्याभरात त्याचा लाल गेंद वर येईल. ते फूल हलवणं फारसं सोसत नाही. अगदीच दाटलं असेल तर पावसाळ्यानंतर पानं वाळून गेल्यावर, थंडीत काढ.

एवढे कंद लावायचे कुठे, असं वाटेल. ताई शेजारी, कामाच्या बाईंकडे, देवळाच्या आवारात, मागणाऱ्या प्रत्येकाला द्यायची. तसेच दे, पण सोबत वरचं सगळं सांग, नाहीतर तीन वर्षांनी त्यांच्याकडेही नुसती पातच उरेल.

माझं बेट गेल्या पावसाळ्यात पाणी साचून संपलं. मुद्दाम कळवलं नव्हतं. माझ्यासाठी बारा मोठे कंद सुतळीच्या पिशवीत टांगून ठेव, प्लॅस्टिकच्या नको. अक्षय्य तृतीयेआधी येऊन घेऊन जाईन.

तुझी,
मावशी