अफझलगंजची लोखंडी पेठ

हैदराबादकर वाचकांपुढे अफझलगंजाचे वर्णन करणे म्हणजे काशीकराला गंगेची वाट दाखविण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या रस्त्याने रोज जावे तो रस्ता हळूहळू दिसेनासा होतो, असा माझा अनुभव आहे. आमच्या देगलूरची होट्टलची मंदिरे मला परगावच्या पाहुण्यांनीच प्रथम नीट दाखविली. त्याच न्यायाने, एका खेडवळ पाहुण्याने एक दिवस अफझलगंजात काय पाहिले ते आपण गोड मानून घ्यावे.

पाचवे निजाम अफझलुद्दौला यांनी १८५७ ते १८६९ या काळात राज्य केले. त्यांनी मुसीच्या उत्तर काठावरील ही जागा धान्याच्या व्यापाऱ्यांना दिली आणि त्यांच्याच नावाने हा गंज वसला. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने हा सारा भाग धुऊन नेला. रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसे त्या दिवशी वाचली. ते झाड आजही उभे आहे. पुढे त्याच काठावर उस्मानिया रुग्णालयाची घुमटांची इमारत आली. १८९१ साली स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय १९३६ मध्ये येथल्याच नव्या वास्तूत आले. एका बाजूला दवाखाना, दुसऱ्या बाजूला ग्रंथालय आणि मधल्या गल्ल्यांत धान्य, दोरखंड, लोखंड व यंत्रांचे सुटे भाग, अशी या पेठेची आजची ठेवण आहे. मी मराठीचा विद्यार्थी असल्याने माझे पाय ग्रंथालयाकडे वळावयास हवे होते. पण या खेपेस माझ्या हातातल्या कापडी पिशवीत मोटारसायकलीचा सिलिंडर होता.

आता त्या सिलिंडरची हकिकत सांगणे आले. माझे वडीलबंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते पशुसंवर्धन खात्यात नोकरीला होते. १९८५ साली त्यांनी येझदी घेतली आणि देगलूर तालुक्याच्या काळ्या मातीच्या रस्त्यांवरून त्यांनी निवृत्तीपर्यंत गुरांची औषधे तिच्यावरूनच नेली. माझ्या दहावीच्या परीक्षेला केंद्रावर मी तिच्याच मागल्या आसनावर बसून गेलो. दादा आता बहात्तरीत आहेत. गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते, पुढे दर ५ वर्षांनी ती नव्याने करून घ्यावी लागते. या हिशेबाने २०२५ च्या नोव्हेंबरअखेर मुदत संपत होती. तपासणी अधिकाऱ्यासमोर गाडी चालती उभी करावी लागते, आणि आमची येझदी तर दोन पावसाळे गोठ्यात उभी होती. किक मारली की ती नुसती उसासे टाकी. घरातील तरुण मंडळींचे मत भंगारात घालावी असे पडले. दादा काहीच बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी गोठ्यात जाऊन तिच्यावरची धूळ ते पुसू लागले. आमच्या गावचे मिस्त्री इंजिन उघडून म्हणाले, “सर, बोअर खाल्लाय. पिस्टन पाहिजे, क्रँकचे ऑईल सील पाहिजेत, पॉइंट-कंडेन्सर पाहिजेत. हे नांदेडात शोधू नका, हैदराबादेला जा.” दिवाळीची सुटी होतीच. सिलिंडर, जुना पिस्टन, सील आणि मिस्त्रींनी वहीच्या पानावर लिहिलेली यादी घेऊन पुतण्यासह मी निघालो.

येझदी न पाहिलेल्या तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेक बनावटीच्या जावा गाड्या तयार होऊ लागल्या आणि पुढे त्याच येझदी या नावाने निघाल्या. अडीचशे सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन, दोन्ही अंगांनी गेलेले दोन सायलेन्सर, आणि एक गंमत अशी की तिची किक आणि गिअर यांची दांडी एकच. आत दाबून मागे फिरवली की ती किक होते, पुन्हा जागेवर आणली की गिअर. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०२२ च्या जानेवारीत येझदीचे नाव पुन्हा बाजारात आले खरे, पण ती गाडी फोर-स्ट्रोक, ३३४ सी.सी.ची आणि पाण्याने थंड होणारी. तिचा एक स्क्रूही जुन्या येझदीला चालावयाचा नाही.

हैदराबाद हे आम्हां देगलूरकरांसाठी परके शहर म्हणावे की घरचे, हा प्रश्न मला नेहमी पडतो. १९५६ पर्यंत आमचा नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. जमिनीचा खटला असो की वरचे शिक्षण, वाट भागानगरचीच होती. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ मध्ये मिळाले. त्याआधीच्या पिढीने पदव्या उस्मानियाच्या घेतल्या, आणि आमच्या नांदेडचे नरहर कुरुंदकर याच मुसीकाठच्या सिटी कॉलेजात शिकले. मग राज्यांच्या सीमा बदलल्या आणि आमची राजधानी मुंबई झाली. ती देगलूरहून केवढी लांब आहे हे नकाशा पाहिल्यावर कळते. कागदासाठी मुंबई आणि वस्तूसाठी हैदराबाद अशी आमची वाटणी तेव्हापासून झाली आहे. अकोल्याहून नांदेड-देगलूर करीत संगारेड्डीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग झाल्यापासून तर ही वस्तूची वाट अधिकच सोपी झाली.

आमची बस महात्मा गांधी स्थानकात शिरली तेव्हा दहा वाजत होते. मुसीच्या पात्रातल्या बेटावर हे स्थानक १९९४ मध्ये झाले. त्यापूर्वीचे गौळीगुड्याचे स्थानक म्हणजे विमाने ठेवण्याचा अर्धगोल लोखंडी घुमट होता. लहानपणी वडिलांसोबत त्याखाली उभा राहून मी वर पाहत असे. तो घुमट जुलै २०१८ मध्ये कोसळला. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनी येथली वाहतूक सुरू केली. बसच्या क्रमांकातील ‘झेड’ हे अक्षर निजामाच्या मातोश्रींच्या नावावरून आले असे सांगतात.

अफझलगंज अकराच्या आत डोळे उघडत नाही. तोवर आम्ही इराणी चहा घेतला. पुतण्याने उस्मानिया बिस्किटे चार खाल्ली. मग फळ्या वर गेल्या, आणि सहा-सात फूट रुंदीच्या दुकानांतून पेठ बाहेर आली. अफझलगंजापासून पुतलीबावली-जांबागेपर्यंत मोटारींचे आणि दुचाक्यांचे भाग विकणारी दुकाने पसरली आहेत. दारावर क्लचच्या व ब्रेकच्या तारा झेंडूच्या माळांसारख्या लोंबतात. आरशांच्या रांगांतून जाणाऱ्या माणसाला स्वतःची चाळीस तोंडे एकदम दिसतात. आत छतापर्यंत खण, खणांत पुठ्ठ्याच्या पेट्या, आणि त्या पेट्यांत काय आहे हे ठाऊक असलेला एकच मनुष्य, तो गल्ल्यावर. त्याने नुसती मान वर केली की पोरगा माकडासारखा खणांवर चढतो आणि नेमकी पेटी काढतो. आमच्या शाळेचे दप्तर इतके लागलेले असते तर तपासणीच्या दिवशी मला झोप लागली असती.

पहिल्या तीन दुकानांत येझदीचे नाव काढताच नकार मिळाला. बुलेटचे हवे ते घ्या, म्हणाले. बुलेटचे उत्पादन कधी थांबले नाही, त्यामुळे तिचे भाग शेंगदाण्यांसारखे मिळतात. चौथ्या ठिकाणी एका पांढऱ्या दाढीच्या वृद्ध गृहस्थांनी चष्मा पुसत विचारले, “जुना पीस लाए क्या?” मी पिशवी पुढे केली. सिलिंडर बाहेर येताच त्यांचा चेहरा बदलला. या पेठेत नावाला किंमत नाही, नमुन्याला आहे. यादी वाचून दाखविणारा गिऱ्हाईक आणि जुना भाग पुढे ठेवणारा गिऱ्हाईक यांच्याशी बोलण्याची रीतच निराळी असते.

“ये तो म्हैसूर का माल है. फॅक्टरी परसोंइच बंद हुई ना!” ते म्हणाले. पुतण्या गोंधळला. मला मात्र हसू आवरेना. हैदराबादच्या दखनीत ‘परसों’ म्हणजे गेलेला कोणताही दिवस, मग त्याला एकोणतीस वर्षे का होईनात. त्या ‘परसोंइच’मधला ‘च’ तर आपलाच. ‘कलइच’, ‘वोइच’ म्हणणारा दखनी मनुष्य मराठीतला ‘च’ वापरत असतो, आणि ‘नक्को’ हा आपल्या ‘नको’चाच भाऊ. चारशे वर्षांच्या शेजाराने ही देवघेव झाली आहे. भाषाशास्त्राच्या ग्रंथांत मी हे वाचले होते, पण पिस्टनच्या गल्ल्यावर ते ऐकण्यात जी मौज आली ती ग्रंथांत नव्हती.

चाचांनी मापकाने सिलिंडरचे तोंड तीन ठिकाणी मोजले आणि मान हलविली. बोअर एका अंगाने अधिक झिजला होता. पोराने दोन पेट्या आणल्या. एक जुनी, कडा पिवळ्या पडलेली, कारखान्याच्या वेळची. तिच्यात तेलकागदात गुंडाळलेला पिस्टन होता. पुतण्याचे डोळे चमकले. किंमत सांगितली सहा हजार. शहरांतले हौशी लोक आता या गाड्या जमवितात, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिन म्हणून मिरवणुका काढतात. त्यामुळे जुन्या मालाला सोन्याचा भाव आला आहे. त्यांच्या प्रेमाला नावे ठेवावयाची नाहीत, कारण त्यांच्यामुळेच हे भाग अजून कोणी घडवीत आहे. तथापि रोजच्या कामाला गाडी वापरणाऱ्या खेड्यातल्या माणसाला हा भाव जड जातो, हेही खरे. मी मनाशी हिशेब करू लागलो. दादांसाठी सहा हजार देण्याची माझी तयारी होती.

चाचांनीच ती पेटी बंद केली. “मास्टरसाब, ये ष्टांडर्ड साइज है. तुमारा बोअर खा गया. इसमें ये डालेंगे तो खडखड करेगा. पैसे फेको नक्को.” दुसऱ्या पेटीतला पिस्टन हल्लीच्या बनावटीचा, अर्धा मिलिमीटर मोठ्या मापाचा होता. किंमत रिंगांसह चौदाशे. माझ्यासारख्या अडाण्याला ते सहा हजारांची पेटी सहज देऊ शकले असते, आणि खडखडीचा दोष आमच्या मिस्त्रींच्या माथी गेला असता. मी तसे बोलून दाखविले. ते म्हणाले, “फिर तुम अगले साल मेरी दुकान पे थोडीच आते?”

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते एखाद्या उत्तम पाठासारखे होते. आधी पिस्टन घ्यावा आणि त्या पिस्टनच्या मापाने सिलिंडर कापावा, उलटे कधी करू नये. टू-स्ट्रोक पिस्टनच्या खाचेत एक बारीक खिळी असते. रिंगेची दोन्ही तोंडे त्या खिळीपाशीच बसली पाहिजेत, नाहीतर फिरता फिरता ती पोर्टच्या भोकात अडकतात आणि रिंग मोडते. बोअर कापल्यावर पोर्टांच्या कडा हलक्या हाताने मोडून घ्याव्यात. ऑईल सीलची जिभली बोटाने दाबून पाहावी, कडक झालेली असेल तर पेटी कितीही नवी दिसो, परत करावी. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे सील हवा धरीत नसेल तर नवा पिस्टनही गाडी चालू करीत नाही. पुतण्या हे सारे मोबाइलमध्ये टिपून घेत होता. वर्गात त्याने इतके लक्ष दिलेले मला स्मरत नाही.

सिलिंडर जवळच्याच लेथवर गेला. तीन तास लागणार होते. त्या वेळात पुतण्याची स्वतःची खरेदी निघाली. त्याच्या नव्या गाडीला त्याला फटाक्यासारखा वाजणारा सायलेन्सर हवा होता. असे सायलेन्सर बेकायदा आहेत आणि पोलीस ते जप्त करून रोलरखाली चिरडतात, हे दुकानदारानेच हसत सांगितले, आणि तरीही विकण्यास तो तयार होता! मी काही बोललो नाही. पुतण्या बराच वेळ तो हातात धरून उभा राहिला, मग खाली ठेवून त्याने दादांसाठी शिरस्त्राण पाहू लागला. पदपथावर तीनशे रुपयांची टोपल्यांसारखी शिरस्त्राणे रचलेली होती. १ जून २०२१ पासून आय.एस.आय. चिन्हाखेरीजचे शिरस्त्राण विकता येत नाही, पण पदपथाला हे कोणी कळविलेले दिसत नाही. आम्ही आतल्या दुकानातून चिन्हाचे घेतले, अकराशेला. त्याचे पैसे पुतण्याने दिले.

चार वाजता सिलिंडर परत आला. आतून तो काचेसारखा झाला असेल अशी माझी कल्पना होती, पण त्यावर बारीक तिरप्या रेघांची जाळी होती. तेल धरून ठेवण्यासाठी ती मुद्दाम ओढतात असे कळले. चाचांनी रिंग आत बसवून फटीत पत्ती घालून पाहिली आणि मगच बाकीचे पैसे घेतले. पिस्टन, सील, पॉइंट, कंडेन्सर, गॅस्केट, दोन क्लचच्या तारा आणि लेथची मजुरी मिळून चार हजारांच्या आत काम झाले. निघताना ते म्हणाले, “पहले पाँच सौ किलोमीटर चालीस के ऊपर नक्को. तेल थोडा ज्यादा. बडे भाई को सलाम बोलो.” दादांचा विषय मी एकदाच, ओघात काढला होता.

परतीच्या बसमध्ये पिशवी पुतण्याच्या मांडीवर होती. संगारेड्डी मागे पडल्यावर तो झोपला, पण पिशवीवरचा हात त्याने काढला नाही.

मिस्त्रींना जुळणीस आठवडाभर लागला. तपासणीला अजून नऊ दिवस होते. गाडी अंगणात आणली तेव्हा दादा बाजेवर बसून होते. पुतण्याने दांडी आत दाबून मागे फिरविली, आणि तिसऱ्या किकेला इंजिन बोलू लागले. निळसर धूर तुळशीपर्यंत गेला. आम्ही सारे दादांच्या तोंडाकडे पाहत होतो. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

“टायमिंग जरा पुढं गेलंय,” ते म्हणाले.

मिस्त्रींनी गाडी बंद केली आणि पॉइंटचे झाकण पुन्हा उघडले.