चौथी रात्र

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे पाच दिवस मालदीवला जाऊन आलो. परत आल्यावर नातेवाईक, शेजारी आणि शाळेतले सहकारी, सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "काय काय पाहिलंत?" या प्रश्नाला धड उत्तर देता येईना, कारण आम्ही फारसे काही पाहिलेच नाही. आम्ही झोपून आलो. एवढा खर्च करून समुद्रापार झोपायला कशाला जायचे, असे वाचकांना वाटेल. ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आमच्या मरहूम अम्मी सहा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. अर्धांगवायूने डावी बाजू गेली होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, दर दोन तासांनी कूस बदलून द्या, नाहीतर पाठीला जखमा होतील. दिवसा घरात माणसे असत, हात लागत. रात्रीचे काय? अकरा, एक, तीन आणि मग फज्र. आमची शाळा सकाळची, सातला हजेरी. त्यामुळे रात्रीचे उठणे मुलांच्या अम्मीकडे आले. कोणी तसे ठरवले नव्हते, ते आपोआप तिच्याकडे गेले. सहा वर्षांत अम्मींच्या पाठीवर एक जखम झाली नाही.

मागच्या वर्षी शाबानमध्ये अम्मी अल्लाहच्या घरी गेल्या. पलंग रिकामा झाला, पण मुलांच्या अम्मीचे उठणे थांबले नाही. रात्री एक वाजता ती उठून बसे. अंधारात दोन्ही हात पुढे होत, मग आठवण येई आणि हात मागे घेतले जात. तीनला पुन्हा तेच. रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कागदावर लिहिले, आराम करा. पण ज्या घरात सहा वर्षे काम केले, त्याच घरात आराम कोणत्या खोलीत करायचा?

त्याच सुमारास आमच्या पगाराच्या फरकाचे पैसे जमा झाले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने मोबाइलवर शोधून समुद्रकाठचे एक लहानसे हॉटेल दाखवले. आम्ही घाबरलोच. आमच्या घराण्यात प्रवास लग्नासाठी, मयतीसाठी नाहीतर दवाखान्यासाठी होतो. फुफूंनी ऐकले तेव्हा त्या स्पष्टच बोलल्या, "एवढ्या पैशांत उमरा झाला असता रे." बोल लागला, कारण तो खोटा नव्हता. उमऱ्यासाठी आम्ही दरमहा वेगळे पैसे टाकत होतो, तरी मनात खटका राहिलाच. पंधरा दिवस आम्ही हो-नाही करत होतो. शेवटी मुलीनेच विचारले, "अम्मी, तू सलग सहा तास शेवटची कधी झोपलीस?" कोणालाच उत्तर आठवेना. शरीराचाही माणसावर हक्क आहे, ही शिकवण आम्ही वर्गात मुलांना सांगतो. घरात ती कधी लावून पाहिली नव्हती. त्या रात्री तिकिटे काढली.

मालदीवच का, हेही सांगायला हवे. छायाचित्रांत दिसतात ती पाण्यावरची घरे रिसॉर्टची असतात. एका बेटावर एकच रिसॉर्ट, आणि दर आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर. पण पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिथल्या सरकारने लोकवस्तीच्या बेटांवरही छोटी गेस्टहाउस चालवायला परवानगी दिली. या बेटांवर गाव असते, शाळा असते, मशीद असते आणि दारूला बंदी असते. जेवण हलाल आहे का, हे विचारावेच लागत नाही. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर मोफत प्रवेश मिळतो. प्रवासाआधी एक ऑनलाइन अर्ज तेवढा भरायचा. मुंबईहून सुमारे तीन तासांचे विमान.

विमानतळ हे स्वतःच एक बेट आहे. तिथून स्पीडबोटीने अर्ध्या तासात आम्ही माफुशीला पोहोचलो. स्वस्त सरकारी फेरीबोटही माले शहरातून सुटते. ती दीड तास घेते आणि शुक्रवारी बंद असते. माफुशी एवढेसे बेट, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटे पुरे. आमच्या गेस्टहाउसला आठ खोल्या होत्या. मालक तिशीतला तरुण, स्वयंपाक त्याची आई करायची. दारात वाळूची गल्ली, गल्लीच्या टोकाला समुद्र. पाणी इतके स्वच्छ की कमरेएवढ्या खोलीत उभे राहिलात तरी पायाची बोटे मोजता यावीत.

पहिल्या रात्री मुलांची अम्मी उठून बसली तेव्हा आम्ही घड्याळ पाहिले. साडेबारा वाजले होते. मग लक्षात आले, मालदीवचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. म्हणजे घरी एक वाजला होता. अडीचला ती पुन्हा उठली, घरी तीन वाजले होते. दीड हजार किलोमीटर समुद्र ओलांडला, मोबाइलने आपली वेळ बदलून घेतली, पण तिच्या शरीराने बदलली नव्हती.

सकाळी फज्रनंतर गल्लीत खर्र खर्र आवाज येऊ लागला. मालकाची आई माडाच्या हिरांच्या झाडूने वाळू झाडत होती. तिथे बायका पहाटे अशी गल्ली झाडतात, अगदी आपल्या कोकणातल्या अंगणासारखी. आम्ही दाराशी येतो न येतो तोच मुलांच्या अम्मीने तिच्या हातातला झाडू घेतलासुद्धा. म्हातारी हसली. तिने झाडू परत काढून घेतला, तिचा दंड धरला आणि झाडाखालच्या जाळीच्या खुर्चीत तिला बसवले. लोखंडी चौकटीला दोरीची जाळी विणलेली, बसले की अंग झोळीत पडल्यासारखे सैल होते. त्या खुर्चीला तिथे जोली म्हणतात. गावात घरोघरी, नाक्यानाक्यावर अशा जोल्या ठेवलेल्या असतात. म्हातारीने तर्जनी दाखवत एकच शब्द उच्चारला, "अरामु." तो शब्द समजायला दुभाषा कशाला हवा?

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे त्या भाषेने आम्हाला नादच लावला. धिवेही भाषा आपल्या मराठीच्याच कुळातली, पण लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे. तिची पहिली नऊ अक्षरे तर अरबी आकड्यांपासून, एक ते नऊ, बनवलेली आहेत. पाट्या वाचताना आकडेच भेटल्यासारखे वाटे. माशाला त्या मस म्हणतात, दिवसाला धुवस, पाण्याला फेन, नमाजला नमाधु. नाश्त्याला मसहुनी असे. ट्यूना मासा, किसलेले ओले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू कालवायचे आणि पातळ रोटीबरोबर खायचे. तिला त्या रोशी म्हणतात. मुलांच्या अम्मीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "यात कोकम टाकलं असतं तर आपलंच." अस्रची वेळही आमच्याकडच्यासारखीच, शाफई हिशेबाची. आमच्याआधी पावणेसातशे वर्षांपूर्वी इब्ने बतूता या बेटांवर आला होता आणि काझी होऊन राहिला होता. तोही इथे काम करत बसला, हे ऐकून मुलांची अम्मी म्हणाली, "मग त्याला आरामाचं काय कळणार?"

दुसऱ्या रात्री साडेबाराला ती पुन्हा उठली आणि आवाज न करता बाहेर गेली. आम्ही नेहमीप्रमाणे कूस वळवली. आणि मग त्याची लाज वाटली. सहा वर्षे आम्ही नेमके हेच केले होते. तिची चाहूल लागायची आणि आम्ही कूस वळवायचो. आम्ही उठून बाहेर गेलो. ती जोलीत बसली होती, समोर काळा समुद्र होता. शेजारच्या जोलीत आम्ही बसलो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अहो, एक सांगू? अम्मी गेल्या त्या रात्री मला वाटलं, आता झोपायला मिळेल. नंतर त्या वाटण्याची इतकी भीती वाटली. म्हणून बहुधा झोपच येत नाही."

आम्हाला बोलणे सुचेना. लोकांसमोर आम्ही नेहमी सांगत आलो, "आम्ही अम्मींची सेवा केली." जनाज्याच्या दिवशी सांगितले, फातेहाला सांगितले. लोक दुआ देत, आम्ही त्या घेत होतो. त्या 'आम्ही'मध्ये रात्री एकला आणि तीनला उठणारी एकटी होती, आणि दुआ घेणारा दुसराच. एवढेच बोललो, "तू थकली होतीस. थकलेल्या माणसाला झोप हवी वाटली, तर तो गुन्हा नाही." ती काही बोलली नाही. फज्रपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.

तिसऱ्या दिवशी अस्रनंतर गावच्या बायका समुद्रावर आल्या. बेटावर परदेशी पाहुण्यांसाठी एक किनारा वेगळा राखलेला आहे. हा गावाचा. बायका अंगभर कपड्यांत, डोक्यावर रुमाल बांधून, मुलांना घेऊन खुशाल पाण्यात बसल्या आणि गप्पा मारू लागल्या, जणू ओट्यावरच बसल्या आहेत. मुलांच्या अम्मीचे माहेर समुद्राला लागून आहे. अकराव्या वर्षी आजीने "आता मोठी झालीस" म्हणून तिला पाण्यातून बाहेर बोलावले होते. त्यानंतर तेहेतीस वर्षे तिने समुद्र काठावरून पाहिला. त्यात उतरली नाही.

मालकाच्या आईने पाण्यातून हात केला. मुलांच्या अम्मीने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "जा." खरे तर तिला आमच्या परवानगीची गरज नव्हती, पण आम्ही ते याआधी कधी बोललोच नव्हतो. तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि पाण्यात शिरली. गुडघे, कंबर, मग खांदे. म्हातारीने तिच्या पाठीखाली हात धरला आणि तिला पाण्यावर उताणी झोपवले. लहान मुलाला पोहायला शिकवतात तसे. थोड्या वेळाने हात काढून घेतला. ती तरंगत राहिली.

मगरिबच्या अजानला बाहेर आली तेव्हा ओठ थंडीने कापत होते आणि चेहरा अकरा वर्षांचा झाला होता. टॉवेल घेताना म्हणाली, "पाणी सगळं वजन घेतं हो. आपल्याला काही धरावं लागत नाही."

त्या रात्री ती एकदाच उठली, अडीचला. चौथ्या रात्री साडेबाराला आम्हीच जागे झालो. ती झोपली होती. अडीचला पुन्हा पाहिले. तोंड किंचित उघडे, एक हात उशीखाली. सहा वर्षांत आम्ही तिला असे झोपलेले पाहिले नव्हते, कारण ती जागी असे तेव्हा आम्ही झोपलेलो असायचो. फज्रच्या अजानने तिला जाग आली. ती गडबडून म्हणाली, "तीन वाजून गेले?" आम्ही म्हणालो, "केव्हाच गेले." अल्हम्दुलिल्लाह.

निघताना म्हातारीने खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या. मुलांच्या अम्मीने आपल्या बॅगेतली नवी ओढणी तिच्या खांद्यावर टाकली. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या, आणि दोघींना कळत होते.

घरी आल्यावर आम्ही तीन गोष्टी केल्या. अम्मींचा पलंग आणि हवेची गादी गरजू रुग्णाच्या घरी पोहोचवली. अम्मींच्या खोलीच्या खिडकीशी दोरीची एक आरामखुर्ची आणून ठेवली. फज्रनंतरचा चहा आता आम्ही करतो, आणि तेवढा वेळ त्या खुर्चीत कोण बसते हे वेगळे सांगायला नको. काही रात्री ती अजून उठते. तेव्हा आम्हीही उठून बसतो.

तिसरी गोष्ट फुफूंच्या घरी घडली. त्यांनी सवयीने म्हटले, "तुम्ही दोघांनी आपाची फार खिदमत केलीत रे." आम्ही म्हणालो, "फुफू, मी नाही केली. हिने केली." फुफू थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी मुलांच्या अम्मीला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "बरं झालं, गेलात ते."

वाचक भगिनी-बंधूंनो, मालदीवलाच जायला हवे असे नाही. पण आपल्या घरात रात्री एकला आणि तीनला कोण उठते, एवढे मात्र एकदा जागे राहून पाहा.