नाव राहू दे

आज एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने विचारलं, "रेझ्युमेवर नाव बदलू का?" पोटात तुटलं. तिची शंका खोटी नाही. बॉस्टन आणि शिकागोत सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. गोऱ्यांची वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त प्रतिसाद होता. तरी म्हटलं, नाव राहू दे. 'दुकानात काम केलं' ही ओळ मात्र बदल. रोजचा गल्ला जुळवायचीस, नव्या पोरांना काम शिकवायचीस, ते लिही! १९७० साली शिकागोत सुरू झालेली 'इनरोड्स' ही संस्था अशाच मुलांना इंटर्नशिपसाठी कंपन्यांशी जोडते, तिथेही अर्ज कर. वशिला नाही, हा तिचा दोष नव्हे. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनो, तुमच्याकडे जागा निघाली की या मुलांनाही कळवा.