माडावरचा माणूस

उंच पदावर चढलेल्या माणसास हार घालण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. परंतु जो खरोखरच साठसत्तर फूट उंच चढतो, त्याला खालीं उभे राहून आपण काय म्हणतों? "अरे, तो डावीकडचा घड राहिला!" आम्हीही वर्षानुवर्षें हेंच म्हणत आलों आहों.

आमची वाडी वेंगुर्ल्याच्या बाजूस, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर आहे. बाणवली जातीचे तीसेक माड आणि त्यांच्या सावलींत पोफळी. नोकरीपायीं आमचें आयुष्य मुंबईस गेलें. तरी नारळ पाडण्याच्या निमित्तानें वर्षांतून तीन-चार वेळां आम्ही गांवीं जात असूं आणि चार दिवस बागाईतदार म्हणून मिरवीत असूं. खरा बागाईतदार आमचा पाडेली होता. माडाला महिन्याकाठीं साधारण एक नवी झावळी येते, प्रत्येक झावळीच्या बेचक्यांत एक पोय निघते, आणि पोय फुटल्यापासून नारळ तयार होण्यास जवळजवळ वर्ष लागतें, हें आम्हांस पुस्तकांतून कळलें. त्याच्या हातांना तें आपोआप कळे. कोयत्याच्या पाठीनें नारळावर एक ठोका मारावा, क्षणभर ऐकावें, आणि घड तोडावयाचा कीं पुढच्या खेपेस ठेवावयाचा तें ठरवावें, अशी त्याची रीत होती.

त्याचा सरंजाम पाहाल तर हंसूं येईल. कमरेला दोरी, दोरीला मागच्या अंगास लांकडाची आकडी, आकडींत कोयता, आणि पायांत काथ्याचा फास. माडाला फांदी म्हणून नाहीं. हातांनीं खोडास कवळावें, पाय वर ओढून फास खोडावर रोवावा, अंग ताणून पुन्हां हात वर न्यावे. खोड चढणें त्यांतल्या त्यांत सोपें, असें तो म्हणे. खरी परीक्षा शेंड्यापाशीं. लोंबत्या झावळ्यांचें छत ओलांडून वर बसावयाचें असतें, आणि तेथें हाताशीं येणारी वाळकी झावळी दिसावयास भक्कम, पण भार टाकतांच सुटून हातांत येते. वर पोंचल्यावरही नुसते नारळ तोडून भागत नसे. माडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला कीं माड गेला. गेंडाभुंगा नेमका तेथेंच, न उमललेल्या पानांत शिरतो. त्याला लोखंडी आंकड्यानें भोंकांतून उपसून काढणें, वाळका कचरा साफ करणें, हीं वैद्यकीची कामें त्याच मजुरींत होत.

पोफळीवर मात्र त्याची चाल निराळी. एका पोफळीचीं बेडीं काढून झालीं कीं खालीं उतरण्याचा खटाटोप तो करीतच नसे. शेंड्याशीं राहून झोके घेऊं लागे. पोफळ वांके, आणखी वांके, आणि शेजारचा शेंडा हातीं येतांच तो पलीकडे गेलेला असे. आमचीं मुलें टाळ्या पिटीत. एकदां मात्र माडाच्या शेंड्यांत गांधीलमाश्यांचें पोळें निघालें. त्या दिवशीं तो इतक्या वेगानें घसरत खालीं आला कीं छातीची सालटीं निघालीं. त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहून आम्ही सारे पोट धरून हंसलों, तोही हंसला. तो कशाला हंसत होता, हें तेव्हां आमच्या मनांत आलें नाहीं.

पुढची गोष्ट सांगावयाची कीं नाहीं, याचा बरेच दिवस निश्चय होत नव्हता. २०१२ सालचा जून महिना. पहिला पाऊस पडून गेला होता. मुंबईहून पाहुणे आले होते आणि आम्हीं त्यांना घरच्या शहाळ्यांचें वचन देऊन बसलों होतों. पाडेली आला, त्यानें खोडावरून हात फिरविला आणि म्हणाला, "आज नको, तात्यानू. माड ओलो आसा." आम्हीं आग्रह केला नाहीं, रागावलोंही नाहीं. एवढेंच म्हटलें, "बरें, मग दुसऱ्या कोणास विचारतों." त्यानें आमच्याकडे एकदां पाहिलें आणि कमरेची दोरी आंवळली.

शहाळीं खालीं आलीं. तो मात्र उतरतांना अर्ध्या वाटेवरून पडला. टांचेचें हाड मोडलें, कण्याला मार बसला. चार महिने तो अंथरुणावर होता, आणि पुन्हां माडावर चढला नाहीं. दवाखान्याचा खर्च आम्हीं दिला. वर कांहीं रक्कमही दिली. आमच्या हिशेबाच्या वहींत ती 'पाडेलीस मदत' या सदरांत मांडलेली आहे. विचारावयास येणाऱ्या प्रत्येकास तो सांगे, "फास जुनो होतो." फास जुना नव्हता, त्याच महिन्यांत त्यानें नवा वळलेला आम्हीं पाहिला होता. आम्ही खाटेशेजारीं बसून तें ऐकत होतों, आणि ऐकून गप्प राहत होतों.

आदल्याच वर्षीं, २०११ सालीं, नारळ विकास मंडळानें केरळांत तरुणांना यंत्रानें माडावर चढण्याचें शिक्षण देण्यास आरंभ केला होता. चढणाऱ्यांसाठीं मंडळाची 'केरा सुरक्षा' नांवाची विमा योजनाही आहे. हें सारें आम्हांस अपघातानंतर ठाऊक झालें. पेपर तर आम्ही रोज वाचीत होतों. पण पाडेल्याचा विमा हा आमच्या वाचनाचा विषय नव्हता. आतां आम्हीं यंत्र आणविलें आहे: पाय ठेवावयाच्या दोन लोखंडी चौकटी, आणि खोडाभोंवतीं तारेचे वेढे. गांवांतला एक तरुण तें चालवितो. काम सावकाश होतें, आणि पोफळीवरचे झोके संपले ते संपलेच.

मे २०२१ मधील तौक्ते वादळांत आमचे पांच माड मोडले. ज्याच्यावरून तो पडला तो माड उभा आहे.

पाडणीच्या दिवशीं म्हातारा अजून येतो. पडवीजवळ खुर्ची टाकून बसतो आणि वरच्या पोराला तारेची आठवण देत राहतो. गेल्या खेपेस चार माणसें जमलीं होतीं. कोणीसें त्याला पुन्हां पायाबद्दल विचारलें, आणि तो फासाची गोष्ट सांगूं लागला. या वेळीं आम्हीं बोलावयाचें ठरविलें होतें. "फास जुना नव्हता," आम्हीं म्हटलें, "त्या दिवशीं आम्हीं..." त्यानें पायाशीं पडलेला एक नारळ उचलला, कोयत्याच्या पाठीनें ठोकला, कानाशीं नेला.

"ह्यो अजून कवळो आसा, तात्यानू," तो म्हणाला. "म्हयनोभर रवाक होयो होतो."