खाल्ल्या मिठाचा हिशेब

विनोदी कलाकार जॅक बेनी एनबीसी हे रेडिओ नेटवर्क सोडून तिच्या प्रतिस्पर्धी सीबीएसला गेला, ही अमेरिकी रेडिओच्या इतिहासातली मोठी गद्दारी, असं मी बरीच वर्षं मानत आलो. ज्या एनबीसीमुळे त्याचा विनोद घराघरांत पोचला तिच्याकडे पाठ फिरवून 2 जानेवारी 1949ला तो सीबीएसवर बोलू लागला. सूत्रं एमसीए या कलाकार-एजन्सीच्या हातात होती. त्याआधी तिनेच ‘एमॉस अँड अँडी’ या रेडिओ कार्यक्रमाचा सौदा सीबीएसशी सुमारे 20 लाख डॉलरला जुळवून दिला होता. यामागे कराचं गणित होतं. मानधन घेतलं तर वरच्या पायरीवरच्या कमाईचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त करात जायचा. कार्यक्रम किंवा कंपनी विकली की 25 टक्क्यांत भागायचं. कलाकार खाल्ल्या मिठाला जागला नाही, एजंटाने त्याला फितवलं, हा माझा निवाडा होता. मुंबईत डबिंग करताना कामं मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरांचे जे अनुभव आले त्यांनी तो पक्काच केला.

मत फिरलं ते 1941च्या एका सरकारी अहवालामुळे. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने रेडिओ नेटवर्कांच्या कारभाराची झडती घेतली होती. तोवर एनबीसी आणि सीबीएस दोघींच्या स्वतःच्याच कलाकार-एजन्सी होत्या. गायकाला काम देणारी कंपनी तीच, त्याच्या वतीने भाव ठरवणारी तीच, आणि ठरलेल्या मानधनातून कमिशन कापून घेणारीही तीच. त्या गायकाने घासाघीस करायची कुणाशी? आणि कुणाच्या भरवशावर? मला हे वाचून संताप आला, अजूनही येतो. ही फसवणूक कुणी रातोरात केली नव्हती; ती करारातच लिहिलेली होती आणि खाली कलाकाराची सही होती. फेडरल कमिशनने यावर बोट ठेवल्यावर नेटवर्कांना हा धंदा सोडावा लागला. सीबीएसने आपली एजन्सी विकली ती एमसीएलाच.

हे कळल्यावर 1948-49चे सौदे मला वेगळे दिसू लागले. बेनीचा एजंट निदान बेनीच्या बाजूने बसला होता. एनबीसीचं नुकसान झालं, पण तिचा विश्वासघात झाला असं मी आता म्हणणार नाही. आपल्या कलाकारांच्या विश्वासाची तिने काय किंमत केली होती, ते त्या अहवालात आहे.

म्हणून एजंट निर्दोष ठरतात असं मात्र नाही. 1952मध्ये याच एमसीएने नटांच्या संघटनेकडून एजंट आणि निर्माता दोन्ही राहण्याची सूट मिळवली. संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, आणि ते स्वतः एमसीएचे अशील होते. दोन्ही डगरींवर हात ठेवायचा हा खेळ 1962पर्यंत चालला. शेवटी न्याय खात्याने खटला भरल्यावर एमसीएने एजन्सीच बंद केली.

आवाजाच्या कामात नव्याने येणारी मुलं मला विचारतात, कोऑर्डिनेटर कसा निवडायचा? पूर्वी मी सांगायचो, माणूस बघ. आता सांगतो, तो स्टुडिओकडूनही पैसे घेतो का ते आधी विचार, आणि उत्तर लेखी घे.