पूर्ण मिनिट

२००६ च्या डिसेंबरात इंटर्नशिप संपवून मी मोताळ्याला घरी होतो. बाँडच्या नेमणुकीचा कागद यायचा होता. गल्लीच्या दृष्टीनं मी डॉक्टर झालेलो होतो. माय आल्यागेल्याला चहा देताना सांगायची, आता आमचं दुखलं-खुपलं घरातल्या घरात. त्याच महिन्यात माझ्या वडिलांना, आबांना न्यूमोनिया झाला, आणि तो मला दिसला नाही.

भारनियमनाचे दिवस होते. शेतीची लाइन रात्रीची असायची, म्हणून अडुसष्टाव्या वर्षी आबा रात्री दोनला उठून हरभऱ्याला पाणी द्यायला जात. तीन-चार रात्री गारठ्यात अशा गेल्या आणि खोकला लागला. मी थर्मामीटर लावला, ताप नव्हता. छाती तपासली, उजवीकडे खाली थोडी खरखर होती. पण आबा आयुष्यभर विडी ओढत आलेले, त्यांच्या छातीत आवाज असायचाच. बीपी ११२/७०. गोळ्या आणि खोकल्याचं औषध दिलं आणि वहीत लिहिलं : ताप नाही, बीपी बरं, श्वास २०. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

तो वीसचा आकडा मी मोजलेला नव्हता. वॉर्डात काम करताना श्वासाच्या रकान्यात १८ नाहीतर २० लिहायची सवय हाताला लागते. नाडी बघतात, बीपी घेतात, ताप पाहतात. श्वास मोजायला मात्र रोग्यापाशी मिनिटभर गप्प बसावं लागतं. तेवढं बसणारे फार थोडे. मीही नव्हतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी विचारलं, "बैलाईले पाणी दाखवलं का?" बैलजोडी विकून तीन वर्षं झाली होती. माय माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, झोप झालेली नाही, थकवा आहे.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. मागच्या गल्लीत राहायच्या. तीस-बत्तीस वर्षं खेड्यापाड्यांच्या उपकेंद्रांवर एएनएम म्हणून नोकरी करून दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या. आल्या होत्या मायची पिठाची चाळणी परत द्यायला. चाळणी दाराशी ठेवून त्या सरळ आबांच्या खाटेवर टेकल्या.

"दादा, मले ओळखलं का?"

आबांनी त्यांना आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली.

"वयनी, काल-परवा असेच बोलत होते का हे?"

"नाही वो बाई. आजच."

मग त्यांनी आबांचं मनगट हातात घेतलं, नाडी पाहावी तसं. डोळे मात्र आबांच्या पोटावर. अंगावरची घोंगडी त्यांनी अलगद खाली सरकवली होती. दुसऱ्या हातातलं घड्याळ त्यांनी कंदिलाच्या उजेडात धरलं. आम्ही कोणी बोललो नाही. आबांचं पोट वर यायचं, खाली जायचं, मध्येच एक श्वास उथळ आणि त्यामागून दोन घाईचे. गळ्याच्या खाचेत कातडी आत ओढली जात होती. ती खाच तीन दिवस माझ्यासमोर होती.

"चौतीस," नर्सबाई म्हणाल्या. "गाडी पाहा बापू."

मी पुन्हा बीपी घेतलं. तेवढंच आलं. "बीपी तर चांगलं आहे," मी म्हणालो.

"बीपी शेवटी पडते. तवर वाट पाहतं का?"

१०८ ची गाडी तेव्हा नव्हती. ती महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. शेजारच्यांची जीप काढली. मोताळ्याहून बुलढाण्याला जायचं म्हणजे राजूर घाट चढून जायचं. मागच्या बाकावर आबांना टेकवून बसवलं आणि एका बाजूला मी, एका बाजूला नर्सबाई. घाटाच्या पायथ्याशी त्यांनी बॅटरीच्या उजेडात पुन्हा मोजलं, छत्तीस. घाट चढून वर आल्यावर पुन्हा. मी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणत होतो. ते त्यांनी पाहिलं. "तसं नको करू. म्हातारं माणूस एक श्वास विसरते, मंग दोन घाईनं घेते. पुरं मिनिट बसा लागते. अन् त्याईले कळू द्यायचं नाही आपण श्वास मोजतो म्हणून. कळलं की माणूस श्वास बदलवते. म्हून मनगट धरायचं."

कॉलेजच्या साडेपाच वर्षांत कानावर पडलं असेलही, पण मी शिकलो त्या जीपमध्ये.

बुलढाण्याला एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा धोट. रक्तातला युरिया ५८. लगेच ऑक्सिजन लागला, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. चौथ्या दिवशी आबांनी मला विचारलं, "हरभऱ्याले पाणी कोणी देल्लं?" बैलांचा विषय पुन्हा निघाला नाही. नवव्या दिवशी आम्ही घाट उतरून घरी आलो.

पुढे एमडी करताना लायब्ररीत एक निबंध हाती आला. 'थोरॅक्स' या नियतकालिकात २००३ साली लिम आणि सहकाऱ्यांनी छापलेला. ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्स इथल्या १,०६८ रोग्यांवरून बेतलेला. न्यूमोनिया झालेल्या मोठ्या माणसाला घरी ठेवायचं की दाखल करायचं, हे ठरवायला त्यांनी पाच प्रश्न काढले होते. माणूस नव्यानं भांबावला आहे का? युरिया वाढला आहे का? मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास आहेत का? वरचं बीपी ९० च्या खाली किंवा खालचं ६० वा त्याहून कमी आहे का? वय ६५ किंवा पुढे आहे का? प्रत्येक 'हो'ला एक गुण. इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव कर्ब-६५. शून्य किंवा एक गुण असलेल्यांत शंभरातले दीड दगावले, दोन गुणांत नऊ, तीन आणि पुढे बावीस. युरियाची सीमा ७ मिलिमोल, म्हणजे आपल्याकडच्या लॅबच्या हिशेबात साधारण ४२ मिलिग्रॅम.

मी पेन्सिलनं आबांचे गुण लावले. भांबावणं एक, युरिया एक, श्वास एक, वय एक. बीपीचा शून्य. चार. बीपीचा तो एकच शून्य धरून मी तीन दिवस बसलो होतो. खाटेवरच्या बाईंनी मात्र रक्ताची तपासणी न करता त्यातले तीन गुण पाच मिनिटांत मोजले होते, आणि "काल-परवा असेच बोलत होते का" हा प्रश्नही विचारला होता. त्या 'नव्यानं' या शब्दावरच भांबावण्याचा गुण उभा आहे. जुनं विसरभोळेपण त्यात धरत नाहीत.

हे त्या कुठे शिकल्या होत्या? मी घरी आल्यावर विचारलं. १९९२ नंतर बालकांच्या न्यूमोनियाचं प्रशिक्षण त्यांना मिळालं होतं : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्या माणसांना हेच मोजायला शिकवून बालमृत्यू कमी करून दाखवले होते. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी अशी युक्तीही त्यांनी काढली होती. मोठ्या माणसांचा आकडा मात्र नर्सबाईंना कोणी दिलेला नव्हता. लेकरं मोजता मोजता त्या घरातली म्हातारी माणसंही मोजू लागल्या आणि तिसाच्या वर गेलेला म्हातारा घरी ठेवायचा नाही, हे त्यांनी पाहून पाहून ठरवलं होतं.

आता मी मोताळ्यातच प्रॅक्टिस करतो. गुणांची मला मदत होते, पण त्यांच्यावर सगळं सोडत नाही. तिशीतल्या तगड्या पोराचे गुण शून्य येतात आणि ऑक्सिजन ८८ असतो. त्या पाच प्रश्नांत ऑक्सिजन नाहीच. करोनात हे फार जवळून पाहिलं. बोटाला चिमटा लावून सहा मिनिटं चालायला लावलं की हसत आलेल्या माणसाचा आकडा घसरायचा. उलट पासष्टीच्या कोणाला नुसत्या वयाचा एक गुण मिळतो आणि तो घरी गोळ्या घेऊन बरा होतो. गोळी गिळते का, पोटात राहते का, घरात रात्री उठून पाहणारं कोणी आहे का, हेही विचारावं लागतं. मोताळ्यात आणखी एक प्रश्न असतो : रात्री दोनला बिघडलं तर घाट चढायला गाडी आहे का? परदेशातल्या तक्त्यात तो नाही. माझ्या तक्त्यात आहे.

आणि ताप नाही म्हणून मी म्हाताऱ्या माणसाला परत पाठवत नाही. थकल्या शरीराला ताप आणायचीही ताकद उरत नाही. जेवण सोडलं, पडले, काहीबाही बोलायला लागले, एवढीच खूण कधीकधी मिळते.

नर्सबाई आज ऐंशीला टेकल्या आहेत. माय होती तोवर दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे कुरडयांचा डबा जायचा. आता माझी बायको पाठवते. आबा त्या आजारानंतर अकरा वर्षं जगले. ते ऋण कुरडयांनी फिटणार नाही, ते मला ठाऊक आहे, आणि फेडून मोकळं व्हावं असं मनातही येत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्या नातवाचा फोन आला, आजीला खोकला आहे. मी गेलो. खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले. मी काही न बोलता मनगट धरलं आणि घोंगडी सरकवली. मिनिट भरत आलं तशा त्या म्हणाल्या, "नाडी नाही पाहत तू. किती भरले?"

"अठ्ठावीस."

"पुन्हा मोज."

मी पुन्हा मोजलं, पुरं मिनिट. तीस झाले. मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे उघडले, नातवाला पाण्याची बाटली भरायला सांगितली आणि पाय खाली सोडून चपला शोधू लागल्या.